पायरी क्रमांक सात

फिल्ममधल्या बाईने रबरावरून तळहात गोल फिरवला आणि मी माझा उजवा हात टेबलाखाली घेतला. बाकी कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. मीटिंगच्या खोलीत आम्ही युनियनचे सहा जण एका बाजूला, समोर डायरेक्टर आणि त्यांचा तो नवा इंजिनिअर तेस्सारी, आणि भिंतीवर दोन चौकटी शेजारी शेजारी. डावीकडे आमच्या इटलीतल्या कारखान्यातलं दाराचं स्टेशन, म्हणजे मशीनला दार बसवायची जागा, उजवीकडे पोलंडच्या कारखान्यातलं. तेच वॉशिंग मशीन, तेच गोल तोंड, तेच राखाडी रबर. दोन्ही चौकटींखाली घड्याळ पळत होतं. आमच्याकडे सेहेचाळीस सेकंदांवर थांबलं, त्यांच्याकडे बेचाळीसवर. "चार सेकंद," तेस्सारी म्हणाला, आणि लेझरचा लाल ठिपका त्या आकड्यावर नाचवत राहिला. मी आकड्याकडे बघत नव्हते. मी उजवीकडचे हात बघत होते. बाईचा चेहरा दिसत नव्हता, नुसते हात, मनगटापर्यंत निळी बाही, आणि अंगठीच्या बोटावर अंगठी काढल्याचा पांढरा पट्टा. रबर बसवलं, तारेची कडी आवळली, आणि मग तळहात, वरून सुरू करून उजवीकडून खाली आणि परत वर. अगदी माझ्यासारखा. माझ्यासारखा कसला, माझाच.

डायरेक्टर म्हणाले, नवीन मॉडेल कुठे करायचं ते या महिन्यात ठरणार. आम्हाला हवं असेल तर दहा वाजताची दहा मिनिटांची सुट्टी सोडावी लागेल. दुपारची राहील. बाकी फरक ते यंत्रांनी भरून काढतील. "किंवा," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच त्यावर विश्वास नव्हता हे दिसत होतं, "दाराच्या स्टेशनवरचे हे चार सेकंद सोमवारपर्यंत शोधून द्या. सगळी लाइन त्या स्टेशनसाठी थांबते. चार सेकंद द्या, आणि दोन्ही सुट्ट्या तुमच्या." सोमवारी कॅन्टीनमध्ये मतदान. आमचा देनिस, युनियनमधला सगळ्यात लहान, वय असेल एकोणतीस, लगेच माझ्याकडे वळला. "निवेस, ते स्टेशन तुझं. तीस वर्षं उभी आहेस तिथे. चार सेकंद कुठे सापडतील तर तुलाच सापडतील." मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार? चार सेकंद माझ्या उजव्या हातात होते आणि तो हात मी टेबलाखाली मांडीवर दाबून धरला होता.

बसने घरी यायला पाऊण तास लागतो. नदीच्या पुलावर बस नेहमी अडकते. पूर्वी याच पुलावर सायकलींची गर्दी व्हायची, दोन हजार माणसं एकदम सुटायची आणि पुलाचे लाकडी कठडे हलायचे. आता आम्ही पावणेचारशे उरलोय, त्यातल्या निम्म्यांकडे गाड्या आहेत. मी खिडकीच्या काचेला डोकं टेकवलं. असं टेकवलं की दातांपर्यंत इंजिनची थरथर येते, आणि मला ती आवडते, माझ्या वतीने दुसरंच कुणीतरी थरथरतंय असं वाटतं. मी थकले होते. म्हणजे त्या दिवशी थकले होते असं नाही. थकवा आता माझ्या घरीच राहायला आलाय, त्याची चप्पल दारात असते. आणि विल्मा आठवली. विल्मा बोर्तोलिन, मोठी थोरली बाई, दंडावर भाजल्याचा डाग, हसली की अख्खी लाइन ऐकायची. मी पोरसवदा होते तेव्हा दाराच्या स्टेशनवरच माझ्या शेजारी असायची. त्या वर्षी वेळ मोजणारा माणूस यायचा होता. गळ्यात घड्याळ आणि हातात फळी घेऊन तो तीन दिवस तुमच्या मागे उभा राहायचा आणि तुमच्या प्रत्येक हालचालीचे सेकंद लिहायचा. त्याने एकदा लिहिलं की ते पंधरा वर्षं तुमच्या मानेवर. म्हणून तो यायच्या आदल्या आठवड्यात सगळ्याच बायका हळू व्हायच्या. पण नुसतं हळू झालेलं त्याला कळायचं, तो गाढव नव्हता. "हळू नाही करायचं गं," विल्मा म्हणाली, "जास्त करायचं. एक काम वाढवायचं. असं काम, की त्याला वाटेल हे नाही केलं तर मशीन बुडेल." मग तिने रबरावरून तळहात गोल फिरवला, अगदी गंभीर चेहऱ्याने, पोराचं कपाळ तापलंय का बघावं तसा. "आणि हात फिरताना कंबर सरळ करायची, वर बघायचं, एक श्वास घ्यायचा. हात काम करतोय, तू नाही."

घड्याळवाला आला. तिसऱ्या दिवशी त्याने विल्माला विचारलं, हे काय? विल्मा म्हणाली, "रबराला कुठे सुरकुती राहिलीय का ते बघते. राहिली तर गळतं. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात पाणी झालं की तुम्ही जाणार का पुसायला?" त्याने मान हलवली आणि लिहिलं. कामाच्या छापील कागदावर ते कायमचं चढलं: पायरी क्रमांक सात, रबराची हाताने तपासणी, चार सेकंद. त्या संध्याकाळी आम्ही सहा जणी कोपऱ्यावरच्या बारमध्ये एकेक ग्लास वाइन प्यायलो आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. रबरात सुरकुती राहत नाही. कडी आवळली की ते बसतंच. तीस वर्षांत माझ्या हाताला एकही सुरकुती लागली नाही. पण दिवसाला सहाशे दारं, दर दाराला चार सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटं. आणि ती फक्त आमची नाहीत. लाइन सगळ्यात हळू स्टेशनच्या चालीने चालते. आमचा हात गोल फिरायचा तेवढा वेळ पट्टा उभा राहायचा, तेवढ्यात पुढे मोटर बसवणारे, मागे पत्रे जोडणारे, सगळे कंबर सरळ करायचे, नाक पुसायचे, शेजारणीला दोन शब्द बोलायचे. त्यांना कधी कळलं नाही हा वेळ कुठून येतो. त्यांना वाटायचं लाइनच तशी आहे.

विल्मा गेली त्याला अकरा वर्षं झाली. त्या सहा जणींतली लाइनवर आता मी एकटीच. आमच्या बाहेर कुणाला तिने ते सांगितलं नाही, मीही नाही. एलियोलाही नाही. एलियो माझा नवरा. तो पूर्वी आमच्याच कारखान्यात फोरमन होता, मग सगळ्यांच्या डोक्यात स्वतःचा धंदा शिरला तसा त्याच्याही शिरला, आणि घरामागे शेड टाकून, चार माणसं ठेवून, दारांचे खिळे आणि बिजागऱ्या करायला लागला. रविवारीसुद्धा. त्या संध्याकाळी मी घरी पोचले तर तो बागेत लाल पानांच्या कोबीवर गवत घालत होता. मी बूट काढत होते तोवर त्याला सगळं कळलेलं होतं, आमच्या गावात बातमी बसच्या आधी पोचते. "दहा मिनिटांसाठी कारखाना घालवणार तुम्ही," तो म्हणाला. "युनियनने लावली वाट. पोलंडच्या बायका बघ, त्या करतायत की नाही गुपचूप?" मी म्हटलं, "तुझ्या शेडमध्ये कुठली युनियन होती रे?" शेड बंद पडून सात वर्षं झाली, ऑर्डरी रुमानियाला गेल्या. त्याच्या माणसांनी कधी दहा मिनिटंही मागितली नव्हती. आता शेडमध्ये सायकल आणि बटाटे असतात. "ते वेगळं," तो म्हणाला. "बरं, वेगळं," मी म्हटलं. मग आम्ही दोघांनी मक्याच्या पिठाचा पोलेंता खाल्ला आणि टीव्ही बघितला. भांडायलाही जोर लागतो.

पण त्याचं बोलणं माझ्या आत जाऊन बसलं, कारण ते आधीच तिथे होतं. दोन हजाराचे तेराशे झाले तेव्हा मी हिशोब केला होता. तेराशेचे सहाशे झाले तेव्हा परत केला. चाळीस मिनिटं, रोज, तीस वर्षं. कारखाना आम्हीच मारला का? विल्माने एका संध्याकाळी हसत हसत जे केलं, त्याने इतक्या माणसांची भाकरी गेली का? कारखान्याच्या फाटकावर हातात झेंडा घेऊन मी ओरडायचे आणि ओरडताना मनात हेच चालू असायचं. माझ्या शेजारी माणसं रडायची, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. अगदी तसाच, गोल. हे माझ्या नंतर लक्षात आलं आणि मी तो हात खिशात घातला. दहाची सुट्टी मिळवली तो संप आठवतो. अकरा दिवस. थंडी इतकी की पेटवलेल्या पिंपाला चिकटून उभे राहायचो. मोटर बसवणारी फिओरेन्झा तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती, तिला आम्ही खुर्ची दिली तर ती खुर्चीवर उभी राहून गाणी म्हणायला लागली. त्या दहा मिनिटांवर माझं नाव आहे. लोक अजून म्हणतात, निवेसची सुट्टी.

आणि आता हे. पोलंडच्या बाईचा हात.

तिथे तो गेला कसा ते मला माहीत होतं, मीच पाठवला होता. बारा वर्षांपूर्वी तिकडे कारखाना निघाला तेव्हा बारा पोलिश बायका आमच्याकडे तीन आठवडे शिकायला आल्या. युनियनने ठरवलं होतं, शिकवायचं नाही. मी म्हटलं, बायका आहेत त्या, त्यांनी काय पाप केलंय. माझ्याकडे आली ती हालिना. आधी दोन हंगाम ती आमच्याकडच्या डोंगरात सफरचंदं तोडायला आली होती, त्यामुळे आमची भाषा मोडकीतोडकी बोलायची, शिव्या मात्र स्वच्छ. तिला मी सगळं शिकवलं. पहिली पायरी, दुसरी पायरी. सातवी. "आता हात फिरव, असा, सगळीकडून." मी तिला हे सांगताना गंमत करत नव्हते. ते खोटं आहे हे मी विसरलेच होते. अठरा वर्षं रोज सहाशे वेळा केलं की कुठलंही खोटं काम खरं होतं. मला खरंच वाटत होतं की रबर तपासायला हवं. हालिना गेल्यावर दोन दिवसांनी मला एकदम आठवलं, मी लाइनवर एकटीच हसले, आणि मग परत विसरले.

रविवारी दुपारी एलियो पत्ते खेळायला गेला तेव्हा मी हालिनाला फोन केला. नाताळच्या कार्डावर तिचा नंबर असतो. तिने पहिल्या घंटेलाच उचलला. "निवेस! कोण मेलं?"

"कुणी नाही गं. अजून तरी नाही. आम्हाला तुमची फिल्म दाखवली."

"हात बघितलेस? माझे आहेत. अंगठी काढायला लावली मेल्यांनी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा काढली, साबण लावून लावून."

मी म्हटलं, "तू रबरावरून हात फिरवतेस."

"मग? तूच तर शिकवलंस. इथे सगळ्या फिरवतात. कागदावरच आहे, सात नंबर. एकदाही गळलं नाही हं आमचं!" तिचा आवाज फुशारला. मी विचारलं, मग चार सेकंद कुठे वाचवता? मागे नळाचा आवाज येत होता, बशा धूत असावी. "ते ना," ती म्हणाली, "तुझा हात फिरायचा तेव्हा तू वर बघायचीस. मला वाटायचं, इटालियन बायका प्रत्येक मशीनमागे देवाचं नाव घेतात. किती देवभोळ्या, मी घरी सांगायचे. आमच्या इथे छपराकडे बघून काय मिळणार? म्हणून उजवा फिरतो तोवर मी डाव्याने पुढची कडी उचलते."

मी रिसीव्हर धरून बसले. खिडकीतून शेड दिसत होती. मी तिला हात दिला होता, थांबणं द्यायचं राहून गेलं. कंबर सरळ कर, वर बघ, एक श्वास घे, हे कागदावर नव्हतं, ते विल्माने माझ्या कानात सांगितलं होतं आणि मी ते कुणाच्याच कानात सांगितलं नाही. तिथे तो विसावाच काम होऊन बसला होता. बारा वर्षं ती बाई दिवसाला सहाशे-साडेसहाशे वेळा माझं खोटं अगदी इमानाने, दोन्ही हातांनी करत होती. "मनगट कसं आहे?" मी विचारलं. "उजव्याचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली, "वसंतात डाव्याचं आहे. तुझं?" मी म्हटलं, "माझं ठीक आहे." ते खरं होतं, आणि ते सांगताना मला चोरासारखं वाटलं.

सबंध दुपार मी तो हिशोब मनात फिरवत बसले. सोमवारी उठून सांगावं, साहेब, सातवी पायरी खोटी आहे, काढून टाका, हे घ्या चार सेकंद. दहाची सुट्टी वाचेल, लोक मला डोक्यावर घेतील, देनिस मिठी मारेल. आणि मग? कागद कंपनीचा. इथे सातवी पायरी खोडली की त्याच दिवशी तिथेही खोडणार. हालिनाचा हात फिरायचा थांबला की तिचे बेचाळीसचे आणखी कमी होणार, आणि उद्या परत फिल्म, परत लाल ठिपका. आमच्या लाइनची चाळीस मिनिटं जातील, ती कुणाला दिसत नाहीत म्हणून कुणी रडणारही नाही, फक्त वर्षाभराने सगळ्यांची मनगटं दुखायला लागतील. दहा मिनिटं दिसतात. दहा मिनिटांत कॉफी असते, सिगारेट असते, घरी फोन असतो. ती गेली तर लोक मला विचारतील. चाळीस वाचली तर कुणी विचारणार नाही, आणि मला सांगताही येणार नाही, कारण सांगितलं की गेली. एक गोष्ट मात्र सुटल्यासारखी झाली होती. तिकडेही हात फिरत होता, तरी कारखाना तिकडेच चालला होता. म्हणजे विल्माने कारखाना मारला नव्हता. हालिनाचा पगार आमच्या तिसऱ्या हिश्शाइतका होता, त्यापुढे चार सेकंद म्हणजे काय? पण मग तीस वर्षांचं ते ओझं मी उगाचच वाहिलं की काय, या विचाराने बरं वाटायच्या ऐवजी आणखीच गळून गेले.

सोमवारी सकाळी तेस्सारी स्वतः माझ्या स्टेशनवर आला. पंचवीस-सव्वीसचा पोर, शर्टाला घडीची रेघ, हातात कामाचा कागद. एकेक पायरी बोटाने वाचत तो खाली आला. "ही सातवी," तो म्हणाला. "ही खरंच लागते का, सिन्योरा? तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं कुणाला कळणार?" त्याने मनापासून विचारलं होतं, तेच वाईट. देनिस मागे उभा होता, डोळे माझ्या तोंडाकडे लावून. फिओरेन्झा पुढच्या स्टेशनवर मोटर धरून थांबली होती. तीही ऐकत होती. मी म्हटलं, "काढून बघा. पण गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात पाणी झालं तर पुसायला तुम्ही जायचं. मी येणार नाही." तो हसला, घाबरला, आणि आठव्या पायरीवर गेला. आठवीत त्याला काही सापडलं नाही. नववीतही नाही.

बाहेर पडताना देनिसने मला कॉफीच्या यंत्राजवळ गाठलं. "काहीच नाही सापडलं? चार सेकंद, निवेस! चार!" मी म्हटलं, "नाही रे बाबा." त्याने यंत्रावर थाप मारली, कॉफी सांडली, आणि तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिला तशा नजरेने मी एकेकाळी म्हाताऱ्या पुढाऱ्यांकडे बघायचे. मतदान झालं. होकाराला दोनशे तीन, नकाराला एकशे एकाहत्तर. सुट्टी गेली. नवीन मॉडेल आमच्याकडे आलं, तीन वर्षांसाठी. एलियो म्हणाला, "शहाणपण सुचलं शेवटी." मी म्हटलं, "हो."

पुढच्या सोमवारी दहा वाजले. घंटा वाजली नाही. सवयीने सगळ्यांनी मान वर केली, हात थांबले, पण पट्टा बंद झाला नाही, तेव्हा घाईघाईने सगळे परत वाकले. कॉफीच्या यंत्रापाशी कुणी नव्हतं, त्याचा लाल दिवा तेवढा चालू. मग फिओरेन्झा बोलली, माझ्याकडे न बघता, मोटरचे स्क्रू आवळत. तिच्या त्या पोटातल्या पोरीचं आता लग्न झालंय. "अकरा दिवस थंडीत उभी होते मी. खुर्चीवर उभी राहून गाणी म्हटली. अठ्ठावीस वर्षं तुला मत दिलं, निवेस. शेवटी काय दिलंस गं आम्हाला तू?"

मी रबर बसवलं. कडी आवळली. तळहात वरून ठेवला आणि उजवीकडून खाली न्यायला लागले, हळू, पूर्ण गोल. हात फिरत होता तोवर पट्टा थांबला. फिओरेन्झाने माझ्या उत्तराची वाट बघत स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, दोन्ही हात कमरेवर घेतले, पाठ मागे ताणली, आणि एक लांब श्वास घेतला.